वरच्या मजल्यावरचा उजेड

२ नोव्हेंबर, रविवार

रुचितानं माझा फोटो चोरला नाही. हे आधीच लिहून ठेवते. कारण उद्यापासून मी मनातल्या मनात हेच म्हणत फिरणार आहे — चोरला, चोरला, चोरला.

झालं असं. इथल्या, रायपूरच्या फोटो प्रदर्शनासाठी आम्ही दोघींनी फोटो पाठवले होते. मी पाच, तिनं एक. माझा एकही घेतला नाही. तिचा घेतला, आणि नुसता घेतला नाही — पहिला नंबर दिला.

तो फोटो रेल्वेच्या जुन्या, ओसाड पडलेल्या क्वार्टरमधला. उन्हाळ्यात गेलो होतो आम्ही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर डोक्याच्या तेलाचे डाग होते. ओळीनं. एक उंचावर, दुसरा जरा खाली, मग त्याहून खाली दोन लहान. रुचितानं विचारलं, "ये क्या है दीदी?" मीच सांगितलं. म्हटलं, इथं भिंतीला टेकून जेवायला बसत असतील सगळे. हा बाप, ही आई, ही पोरं. रोज आपापल्या जागी. एवढं सांगितलं आणि मी वळले. खिडकीतून पिंपळ आत घुसला होता, मला तो हवा होता. ट्रायपॉड लावला, उजेडाची वाट बघत उभी राहिले. माझ्या पाठीमागे तिनं फोन काढला आणि खट्.

म्हणजे डाग मी वाचले आणि फोटो तिचा झाला. बंद घरातला पिंपळ तर सगळेच काढतात. परीक्षकांनी तसं लिहिलं नाही, पण मला कळतं ना.

आईला सांगितलं. म्हणाली, "बरं झालं. हुशार पोट्टी आहे." तुझ्या फोटोंचं काय झालं, हे तिनं विचारलंच नाही.

३ नोव्हेंबर

ऑफिसमध्ये धर्मपाल भैया रुचिताचा फोटो छापलेला पेपर घेऊन टेबलापाशी आले. "मॅडम, ही तुमच्याबरोबर फिरते तीच पोरगी ना?" म्हटलं हो, तीच. पेपर माझ्याच टेबलावर ठेवून गेले. दिवसभर तो डब्याखाली होता. तेल लागलं त्याला. बरं वाटलं.

५ नोव्हेंबर

हे कुठून सुरू झालं तेही लिहावं.

बंद पडलेल्या इमारतींचे फोटो काढायचा नाद मला आहे, रुचिताला नव्हता. बाबा गेले त्या वर्षी मी जुना कॅमेरा घेतला. रविवारी स्कूटी काढायची आणि निघायचं. बंद टॉकीज, बंद शाळा, नॅरोगेजच्या छोट्या लाईनचं ओस स्टेशन, पुरानी बस्तीतलं कुलूप लागलेलं घर. लोकांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, म्हणून पडक्या भिंती बघत हिंडते — असं कॉलनीतल्या बायका बोलतात, मला माहीत आहे. पण त्या जागी मला कोणी काही विचारत नाही. तिथं सगळं आधीच होऊन गेलेलं असतं.

आईची एकच अट होती. "एकटी जाशील त मी जेवणार नाही." बाईमाणसानं अशा जागी एकटं जाऊ नये, हे खरंच आहे. तर मागच्या वर्षी विहारात कलावतीकाकू भेटल्या. त्यांची मुलगी रुचिता परीक्षेची तयारी करत घरीच बसली होती. म्हटलं, रविवारी माझ्याबरोबर पाठवा. काकू खूश. रुचिताही खूश.

सोबत म्हणून नेलं मी तिला. पाण्याची बाटली धरायला!

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रदर्शनाचं उद्घाटन. जाणार नव्हते. आईनं लावलं जायला — "नाही गेली त लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणणार नव्हते. लोकांना मी माहीतच नाही.

फोटो मोठा करून लावलाय, दारातून शिरलं की समोरच. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मनात चुका शोधल्या. डावीकडे जरा कललाय. खालचा कोपरा काळा पडलाय. पण नजर परत त्या लहान डागांवरच जाते. एक लहान डाग आडवा थोडा फाकलेला आहे — ते पोर स्वस्थ बसत नसेल, सारखं डोकं हलवत असेल. हे मला त्या दिवशी दिसलं नव्हतं. आज तिच्या फोटोत दिसलं.

माईकवर बोलावलं तिला. ती हिंदीत बोलली, नेहमीसारखीच. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, हे आमचं रोजचंच. म्हणाली, मला हे सगळं चेतनादीदीनं शिकवलं, आणि माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी वळून पाहिलं. टाळ्या वाजवल्या. मी हसले. तिनं माझं नाव घेतलं नसतं तर बरं झालं असतं. नाव न घेती तर निदान रागवायला जागा राहिली असती.

मग एक जॅकेटवाले गृहस्थ माझ्याकडे आले. गळ्यात मोठा कॅमेरा बघून म्हणाले, "मॅडम, जरा विजेत्यांचा एक फोटो काढता का? अच्छा आएगा."

काढला. ती फोटोशेजारी उभी. चांगला आला. माझा या वर्षातला सगळ्यात चांगला फोटो तोच असेल!

१८ नोव्हेंबर

घरातल्या भिंती तपासल्या. बाबांच्या खुर्चीमागे एक तेलकट डाग आहे. चार-पाच फोटो काढले. डागच दिसतो. बाबा दिसत नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज रुचिताला बोलावलं नाही. सांगितलं, अंग दुखतंय. आणि धर्मपाल भैयांना घेऊन भनपुरीला गेले.

त्यांच्या साळ्याचं गोदाम आहे तिकडे, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या रांगेत. मागे एक राईस मिल बंद पडून आहे, असं ते एकदा बोलता बोलता म्हणाले होते. मी ते कोणाला बोलले नव्हते. खास करून तिला.

काय जागा आहे! खाली धान भिजवायचे सिमेंटचे हौद, त्यांत हिरवं पाणी. भिंतीवर भुशाची जाड साय. कोपऱ्यातून लाकडी जिना वर जातो. वरचा मजला सगळा फळ्यांचा, मधोमध चाळणीचं मोठं लाकडी धूड. छपराचे पत्रे जागोजाग उडालेले. सकाळचं ऊन त्या भोकांतून खाली येतं आणि अजून हवेत भुशाची धूळ आहे, तिच्यावर ते ऊन उभं राहतं. खांबासारखं. हात घालावा असं. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि मला वाटलं, ही माझी जागा. इतकी वर्षं हीच शोधत होते.

कॅमेरा डोळ्याला लावला. चाळणीच्या पलीकडे सरकले. आणि फळी कुजलेली होती — उजवा पाय गुडघ्यापर्यंत खाली. एकदम. पायाखाली नुसती हवा. धर्मपाल भैया धावत वर आले, काखेत हात घालून ओढलं मला. नडगी सोलून निघाली. ते म्हणत होते की सगळीच जमीन पोकळ आहे, मॅडम, तुमचं नशीब. पलीकडे दुसऱ्या फळीवर पाय दिला तर तीही वाकली.

वरचा एकच फोटो आला तेवढ्यात. हललेला.

आईला सांगितलं, स्कूटीवरून घसरले. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. पाय ठणकतोय. पण जास्त ठणकतं ते दुसरंच. ती जागा आहे, तो उजेड आहे, रोज सकाळी पडत असणार. आणि आता माझी तिथं वर जायची हिंमत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

रुचिता आली. मिठाई घेऊन. दिल्लीच्या एका संस्थेनं तिचा फोटो पाहिला म्हणे. त्यांना एक पुस्तक काढायचंय, वेगवेगळ्या शहरांतल्या बंद इमारतींचं. रायपूरचा भाग तिला दिला. डिसेंबरअखेर फोटो द्यायचेत.

मी विचारलं, मला का नाही विचारलं त्यांनी? म्हणजे विचारलं नाही. मनात विचारलं. तोंडानं म्हटलं, छान.

तिला जागा हव्यात. मला सगळ्या माहीत आहेत. ती म्हणाली, "दीदी, जगहें तो आप ही बताओगी ना." हक्कानं. आईनं तिला जेवायला बसवलं, वरून तूप घातलं. ती आईला सांगत होती की मावशी, दीदी नसती तर मी आजही पुस्तकं घोकत बसले असते. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐक, काय म्हणून राहिली पोरगी. आणि तू काहून तोंड पाडून बसली वं?"

पाय दुखतो म्हणून, असं सांगितलं.

दोन जागा दिल्या तिला. त्यातली एक पाडून तिथं आता दुकानं झालीत. मला ते माहीत होतं.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. विहारात मेणबत्त्या, अभिवादन. पांढरी साडी नेसून गेले. मन शांत ठेवायचं ठरवलं होतं.

वंदना संपली आणि बायका रुचिताभोवती. कलावतीकाकूंचा चेहरा नुसता फुललेला. मला म्हणाल्या, "चेतना, तुझे लय उपकार झाले बाई." मी वाकून त्यांच्या पाया पडले, म्हणजे चेहरा दिसणार नाही.

आजच्या दिवशी तरी नको होतं असं मनात यायला. पण आलं.

१३ डिसेंबर, शनिवार

पाडलेल्या जागेवरून तिनं काही विचारलं नाही. रागही नाही. उलट तिथल्या एका दुकानदाराशी बोलून आली, त्यानं तिला पंडरी भागाच्या पलीकडे एक बंद छापखाना दाखवला. मी कधी ऐकलाही नव्हता. आतल्या खणांत शिशाची अक्षरं अजून पडून आहेत. तिनं एका म्हाताऱ्या कामगाराचा फक्त हात घेतलाय, तळव्यावर अक्षरं.

मला फोनवर पाठवला. "कैसा है दीदी?"

कितीतरी वेळ बघत बसले. मग लिहिलं — ठीक आहे, उजेड जरा कमी आहे.

तिला आता माझी गरज नाही. पाण्याची बाटलीसुद्धा तिची ती नेते. आणि मी एवढी वर्षं रिकाम्या खोल्या काढत आले. ती आल्यापासून कळलं की खोल्या रिकाम्या नव्हत्या, मलाच कोणी दिसत नव्हतं. हे कळून माणूस सुधारत असेल. मी नाही सुधारले. मला ती आवडेनाशी झाली, एवढंच झालं.

२० डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी रुचिता आली होती. पुस्तकासाठी अजून एक फोटो कमी पडतोय, आणि शेवटचा आहे म्हणून तो मोठा हवा, असं तिचं म्हणणं. माझ्या कॉम्प्युटरवर त्या मिलचा बाहेरून काढलेला फोटो उघडाच होता. तिनं पाहिला. कुठली ही जागा, मला दाखवलीच नाही तुम्ही, असं लाडानं म्हणाली.

मी सांगितलं. भनपुरी, गोदामांच्या मागे, फाटक मोडकंच आहे. ती फोनमध्ये टिपून घेत होती. आणि मग मी म्हणाले — अगदी जसं म्हणाले तसंच लिहिते —

"वर जा. वरच्या मजल्यावर सकाळी उजेड पडतो. असा उजेड तुला रायपुरात कुठे मिळणार नाही."

तिचे डोळे चमकले. "आप चलोगी?"

म्हटलं, नाही, माझं काम आहे.

फळ्या कुजल्या आहेत, हे तोंडापर्यंत आलं होतं. आलं होतं. मग मी उठून चहा ओतला. चहा पिऊन ती गेली. उद्या सकाळी भाऊ प्रशिक नेऊन सोडणार आहे तिला.

मोठी आहे ती. डोळे आहेत. जुनी इमारत म्हटल्यावर माणूस बघूनच पाऊल टाकतं. मला कोणी सांगितलं होतं का?

२१ डिसेंबर, रविवार

उजाडतंय. फोन लावला, उचलत नाही. परत लावला. निघते.

२२ डिसेंबर, सोमवार

ऑफिसला गेले नाही. काल घडलं ते लिहिते, नाहीतर मी ते बदलून टाकीन.

भनपुरीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग. एका ट्रेलरच्या मागे अडकले, हॉर्न वाजवत होते वेड्यासारखी. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून शिवी दिली. फाटकापाशी प्रशिक मोटरसायकलवर बसून फोन बघत होता. म्हणाला, "रुचिता दीदी तो ऊपर है." मी पळाले. जिना चढताना ती सोललेली नडगी परत ठणकली.

ती वर होती. चाळणीच्या अलीकडे, माझ्याकडे पाठ करून, फोन डोळ्यांसमोर धरलेला. आणि ऊन आलं होतं. सगळीकडून, त्या दिवशीसारखंच. तिच्या खांद्यांवर, केसांवर, हवेतल्या भुशावर. फोटोत चाळण पूर्ण मावावी म्हणून ती तिरकी मागे मागे सरकत होती, कुजलेल्या फळ्यांकडे. एकेक पाऊल. मागे न बघता.

माझा हात कॅमेऱ्याकडे गेला. हे मी कोणालाच सांगणार नाही, म्हणून इथं लिहिते. तिला हाक मारायच्या आधी माझा हात कॅमेऱ्याकडे गेला. सवयीनं तो माझ्या गळ्यात होताच. एवढा चांगला फोटो माझ्यासमोर कधी आला नव्हता.

मग मी म्हणाले, "रुचिता, हलू नको."

आवाज माझा नव्हताच. ती तिथंच थांबली. "दीदी? आप?" वळायला लागली. मी परत सांगितलं, हलू नको, जमीन पोकळ आहे. ती हसणार होती, पण माझं तोंड बघून थांबली. मी सांगितलं की फळ्यांवर खिळ्यांची रांग दिसते, तिच्या खाली तुळई आहे, फक्त त्या रांगेवर पाय ठेव. बोलता बोलता मी तशीच तिच्याकडे निघाले. चार पावलांवर हात पोचला. तिनं माझा हात धरला आणि त्याच वेळी तिच्या डाव्या पायाखालची फळी गेली.

आवाज फार झाला नाही. ओल्या लाकडाचा होतो तसा, दबका. ती कमरेपर्यंत खाली. मी तुळईवर बसले, दोन्ही हातांनी तिला धरलं. फोन तिच्या हातातून सुटला आणि खाली हौदात पडल्याचं ऐकू आलं. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघत होती फक्त, लहान पोर बघतं तसं. ओढलं, जमेना. परत ओढलं. प्रशिक जिन्यावरून येत होता, त्याला मी ओरडून थांबवलं, तिघांचं वजन पेलणार नव्हतं. शेवटी ती पोटावर सरकत बाहेर आली. आम्ही दोघी तुळईवरून बसत बसत जिन्यापर्यंत आलो.

घोटा मुरगळलाय तिचा. मांडीला खरचटलं. डॉक्टरकडे माझ्याच स्कूटीवर नेली. पूर्ण रस्ता तिनं मला मागून घट्ट धरून ठेवलं होतं. डॉक्टरकडे बाकावर बसल्यावर विचारलं, "आपको कैसे पता चला?"

मी म्हणाले, "मन लागत नव्हतं घरी."

फोन गेला. सकाळचे फोटो त्यातच होते. तो उजेड कोणाच्याच हाती लागला नाही.

२५ डिसेंबर

कॉलनीत माझं कौतुक चाललंय. कलावतीकाकू येऊन गेल्या, रडल्या. आई सगळ्यांना सांगते, "माह्या पोरीनं जीव वाचवला तिचा." किराणावाल्यालाही सांगितलं.

इतके दिवस मला हेच तर हवं होतं. लोकांनी माझं नाव घ्यावं. घेतात आता. दार लावून बसते मी.

२८ डिसेंबर, रविवार

काकूंनी जेवायला बोलावलं. मी, आई, धर्मपाल भैया आणि त्यांची बायको. वडे, पाटोडी, भात. रुचिता पाय उशीवर ठेवून बसली होती. नवीन फोन आलाय. पुस्तकाला तिनं छापखान्याचा दुसरा एक फोटो देऊन टाकला, काम झालं म्हणे.

काकू परत तेच सांगत होत्या, की चेतना देवासारखी धावली, तिला आतून कळलं. धर्मपाल भैया घास थांबवून म्हणाले, "आतून कशाचं? मॅडमले माहीतच होतं ना. नोव्हेंबरमध्ये तिथंच फसला होता त्यांचा पाय, मीच ओढून काढलं. म्हणून तर बरोबर पोचल्या."

चांगल्या मनानं म्हणाले. कौतुकात भर घालत होते. सगळे हो हो म्हणाले, काकूंनी माझ्या ताटात अजून एक वडा वाढला. आईनं फक्त विचारलं की स्कूटीवरून पडली होती ना तू? मग तीही विसरली.

रुचिताचा हात भातात थांबला होता. तिनं वर पाहिलं नाही. जेवण होईपर्यंत एकदाही नाही.

निघताना मी चपला घालत होते, तर ती भिंतीला धरत धरत ओट्यावर आली. आई पुढे गेली होती. आणि ती माझ्याशी मराठीत बोलली.

"तुम्ही मले वर जायला सांगितलं होतं."

"हो."

"फळ्या माहीत होत्या?"

"हो."

"काहून?"

काय सांगायचं होतं? पुष्कळ काही सांगता आलं असतं. विसरले, वाटलं नाही, तू बघशील असं वाटलं. पण मी खरं तेच बोलले. म्हणाले, "तुझे फोटो चांगले येतात म्हणून."

ती रडेल असं वाटलं. नाही रडली. दाराची चौकट धरली. मग हळू आवाजात म्हणाली, "अब मैं आपके बिना कहीं जा नहीं सकती दीदी, डर लगता है. और आपके साथ भी नहीं जा सकती."

आणि आत गेली.

२९ डिसेंबर

तिनं कोणाला सांगितलं नाही. काकूंनी आज पाटोडीचा डबा पाठवला.

४ जानेवारी, रविवार

घरीच. दिल्लीवाल्यांनी तिचे सगळे फोटो घेतले, आणि पुस्तकाच्या कव्हरवर तो छापखान्यातला हात असणार आहे. धर्मपाल भैयांकडून कळलं. ऐकून लगेच विषय बदलला. ते जळणं नव्हतं, असं लिहिणार होते. होतं. कमी झालंय, पण होतं.

तिला दोनदा मेसेज लिहिला. दोनदा पुसला.

११ जानेवारी, रविवार

एकटीच भनपुरीला गेले. आई विहारात होती, तिला सांगितलं नाही. कॅमेरा नेला नाही. लाल रंगाचा डबा आणि ब्रश नेला. जिन्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं — ऊपर मत जाना, फर्श सड़ा है. जिन्याला आडवी दोरी बांधली. भुशामुळे रंग धरत नव्हता, दोनदा गिरवावा लागला. वर ऊन आलेलं खालूनच दिसत होतं. थांबले नाही.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी दार उघडलं तर रुचिता. जरा लंगडते अजून. स्कूटीची चावी तिनंच मागितली. कुठे जायचं ते बोलली नाही, मी विचारलं नाही. शहराबाहेर एक बंद वसतिगृह, मी कधी न पाहिलेलं. आत लाकडी जिना. ती पायथ्याशी थांबली आणि म्हणाली, "पहले आप."

मी चढले. वर पोचून वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. धुळीत माझी पावलं उमटली होती, त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं पहिल्या पावलावर आपला पाय ठेवला.